आपले किती?

अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठात गोळीबार झाला की सिंदीत मला कोणी ना कोणी अडवतंच. "काय जी भाऊ, हे तुमच्याच कॉलेजातलं न?" मी म्हणतो, नाही, आमच्यातलं केव्हाच होऊन गेलं. विचारणारा जरा हिरमुसतो आणि पुढचं विचारतो, "मंग आपले किती गेले?"

२००७ साली मीही हेच विचारलं होतं. त्याची लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहितो आहे.

व्हर्जिनिया टेकमधून मेकॅनिकलचं एमएस करून, घरच्या जिनिंगसाठी मी सिंदीला परतलो त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती. १६ एप्रिल, सोमवार. भारनियमनाचे दिवस होते आणि संध्याकाळी गावात लाईन नव्हती. सात-सव्वासातला मी अंगणात खाटेवर पडून पंख्याची वाट बघत होतो. विद्यापीठाच्या गावी, ब्लॅक्सबर्गला, त्या वेळी सकाळचे पावणेदहा होत आलेले. रात्री लाईन आली, टीव्ही लागला आणि पडद्यावर करड्या दगडाची भिंत दिसली. तो दगड तिथला खास आहे. त्याला 'होकी स्टोन' म्हणतात आणि विद्यापीठाच्या बहुतेक जुन्या इमारती त्याच्याच आहेत. बातमी कुठली ते वाचण्याआधी मी दगड ओळखला.

लांबून बघणाऱ्या माजी विद्यार्थ्याची हीच पंचाईत असते. टीव्हीवाल्याला आकडे माहीत असतात, याला दारं माहीत असतात. नॉरिस हॉलचं दार थंडीत खिशातले हात बाहेर न काढता खांद्याने ढकलायची माझी सवय होती. सेउंग-हुइ चो नावाच्या विद्यार्थ्याने त्या इमारतीच्या मुख्य दारांना आतून साखळ्या घातल्या होत्या, हे नंतर कळलं. आम्ही रात्री जिनिंगच्या फाटकाला घालतो तशीच साखळी माझ्या डोळ्यांपुढे आली, बंदूक मागाहून. दहा-अकरा मिनिटांत तिथे तीस जण गेले. दोघांना त्याने सकाळी सव्वासातच्या सुमारास वसतिगृहातच मारलं होतं. मधे दोन तासांहून जास्त वेळ गेला, आणि विद्यार्थ्यांना पहिली ईमेल गेली ती नऊ सव्वीसला.

आणि मी विचारलं, आपले किती?

दोन, असं उत्तर मिळालं. मुंबईहून गेलेली, इमारतशास्त्र शिकणारी एक विद्यार्थिनी, आणि प्रा. जी. व्ही. लोगनाथन. हे तमिळनाडूतल्या गोबीचेट्टिपाळयमचे, १९८२ पासून तिथे शिकवत होते. २०६ नंबरच्या खोलीत त्यांचा जलविज्ञानाचा तास चालू होता. माझा विभाग वेगळा, त्यांच्या वर्गात मी कधी बसलो नाही. पण 'दोन' ऐकल्यावर मी श्वास सोडला, हे खरं आहे. ओळखीतलं कोणी नाही म्हणून सोडलेला श्वास होता तो. उरलेल्या तिसांत लिव्हिऊ लिब्रेस्कू होते. ते मूळचे रुमानियाचे, ज्यूंच्या संहारातून वाचलेले, वय ७६. मुलांना खिडकीतून उड्या मारता याव्यात म्हणून वर्गाचं दार अंगाने अडवून ते उभे राहिले. इजिप्तचा एक होता, इंडोनेशियाचा एक, पेरूचा एक. त्या त्या देशात त्या रात्री कोणीतरी 'आपला एक' मोजला असेल. दक्षिण कोरियात तर लोक उलट कारणाने खजील झाले, मारणाराच 'आपला' निघाला म्हणून.

विद्यार्थ्यांनी पुढे मैदानावर मेलेल्यांसाठी होकी स्टोनचे ३२ तुकडे मांडले. एका मुलीने चोसाठी तेहतिसावा ठेवला. तो उचलला गेला, पुन्हा ठेवला गेला, त्यावर वाद झाला. आजच्या स्मारकात ३२ आहेत. उचलणाऱ्यांना मी दोष देणार नाही. पण आपले-परके न करता मोजदाद करणारी त्या आठवड्यात ती एकटीच होती, असं मला आजही वाटतं.

आता बंदुकीचं. चो स्वतःच्या जिवाला धोकादायक आहे, असं डिसेंबर २००५ मध्येच न्यायालयाने ठरवून त्याला उपचार घ्यायला सांगितलं होतं. बाहेरून उपचार घ्यायचे असल्याने ती नोंद तपासणीच्या यादीत गेली नाही आणि त्याला एक सोडून दोन पिस्तुलं रीतसर पैसे मोजून मिळाली. ही फट बुजवणाऱ्या केंद्रीय कायद्यावर जानेवारी २००८ मध्ये सही झाली. पण त्याच व्हर्जिनियाने, महिन्याला एकच पिस्तूल विकत घेण्याचं आपलं बंधन २०१२ मध्ये काढून टाकलं. ते परत आलं २०२० मध्ये. टेक्सासने तर कमाल केली. ऑस्टिनच्या विद्यापीठातल्या मनोऱ्यावरून १ ऑगस्ट १९६६ ला गोळीबार झाला होता. परवानाधारकाला सरकारी विद्यापीठाच्या इमारतीत लपवून पिस्तूल नेण्याची मुभा तिथे लागू झाली १ ऑगस्ट २०१६ पासून, बरोबर पन्नास वर्षांनी. तारीख मुद्दाम काढली की कोणाच्या लक्षातच आली नाही, देव जाणे.

हे सांगितलं की पानठेल्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "बंदीनं काय होते जी? आपल्या जिल्ह्यात दारूबंदी हायच न!" वर्धेकराजवळ याला उत्तर नसतं, असं समजतात. पन्नास वर्षांची दारूबंदी आणि हव्या त्या वेळी दारू, हे आम्ही रोज बघतो. पण मला सांगा, बाटली मिळते तशी इथे बंदूक मिळते का? डुकरं अख्खं तुरीचं वावर उकरून टाकतात तरी कास्तकाराला भरमार बंदुकीच्या परवान्यासाठी पोलीस ठाण्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत चपला झिजवाव्या लागतात. त्याला वैताग येतो, येणारच. पण रागाच्या भरात कोणी दुकानात शिरला आणि पिस्तूल घेऊन बाहेर आला, असं सिंदीत होत नाही. गळकी बंदी असली तरी ती वेळ खाते, आणि डोकं फिरलेल्या माणसाचा वेळ खाणं हेच मोठं काम आहे. यात आपण साधू आहोत असं नाही. याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे आणि पुलगावचं दारूगोळ्याचं भांडारही आहे.

आमच्या गावातून, सेलूतून, वर्ध्यातून आता दरवर्षी पोरं अमेरिकेत जातात. वावर गहाण टाकून जातात. नागपूरला प्रवेशाचे मेळावे भरतात तिथे बाप फी विचारतो, आई जेवणाचं विचारते, पोरगा नोकरीचं आणि व्हिसाचं विचारतो. मी दोनदा अशा मेळाव्याला पुतण्यासोबत गेलो. राज्यातला बंदुकीचा कायदा काय आहे, हे कोणी विचारताना ऐकलं नाही. मी विचारलं तर टेबलामागचा मुलगा हसला आणि म्हणाला, "काका, असं काही नसतं हो."

काही घडल्यावर 'आपले किती' विचारण्यापेक्षा आधी एवढं विचारा: ज्या राज्यात पोराला पाठवता तिथे वर्गात पिस्तूल नेता येतं का? आणि टेबलामागचा हसला तर तिथून उठू नका, उत्तर घेऊनच उठा.