तीन सेकंदांचं तेल

जुन्या रेसकार पळवणाऱ्या लोकांमध्ये एक वाद कधीच मिटत नाही. इंजिनला ऑइल अ‍ॅक्युम्युलेटर बसवावा की नाही? एक गट म्हणतो, १९६० च्या दशकातल्या गाडीला असलं काही नव्हतं, मग आता कशाला हवं? दुसरा गट म्हणतो, बसवून टाका आणि निवांत व्हा. माझं मत विचाराल (आणि नाही विचारलंत तरी सांगणारच आहे :) ), तर बसवावा. पण निवांत होण्यासाठी नव्हे!

आधी मूळ दुखणं समजून घेऊ. साध्या गाडीत इंजिनचं तेल खालच्या संपमध्ये, म्हणजे एका पसरट भांड्यात, साठलेलं असतं. पंपाची नळी त्यात बुडालेली असते. पंप तेल ओढतो, प्रेशरने बेअरिंगना पोचवतो आणि ते परत खाली गळतं. आता मांडीवर आमटीचं पातेलं घेऊन रिक्षात बसा आणि रिक्षावाल्याला जोरात वळण घ्यायला सांगा. आमटी कुठे जाते? तेलही तिथेच जातं. गणित अगदी बारावीच्या फिजिक्सचं आहे. गाडी १ जी एवढ्या जोराने वळत असेल, तर तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांत तिरका होतो. तेल एका भिंतीवर चढतं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो.

मग काय होतं? फिरणारा क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. तो आहे तोवर धातूला धातू लागत नाही. ६००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १०० फेरे. तुम्ही 'अरेच्चा' म्हणेपर्यंत शाफ्ट शंभर वेळा कोरडा घासून झालेला असतो. कधी बेअरिंग वितळतं, कधी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर येतो.

हे जुन्या गाड्यांच्या वाट्याला जास्त का येतं? कारण त्यांचा संप त्या काळच्या रस्त्यांसाठी आणि टायरांसाठी आखलेला होता. आजच्या रबराला जी पकड मिळते, ती त्या डिझायनरच्या हिशोबात नव्हतीच. म्हणजे रिक्वायरमेंट बदलली, सिस्टिम तीच राहिली. आपल्या धंद्यात हे रोजचंच आहे. ह्यावरचं पक्कं उत्तर म्हणजे ड्राय संप. तेल वेगळ्या उभ्या टाकीत ठेवायचं आणि जास्तीच्या पंपांनी खालून सतत उपसत राहायचं. पोर्शे ९११ ला हे सुरुवातीपासूनच कारखान्यातून मिळालं. पण साध्या गाडीला नंतर ते बसवायचं म्हणजे खर्च मोठा, जागा हवी आणि मूळ इंजिनची बरीच तोडमोड.

अ‍ॅक्युम्युलेटर हा मधला मार्ग. (पुष्कळ लोक त्याला 'अ‍ॅक्युसंप' म्हणतात, पण ते अमेरिकेतल्या कँटन कंपनीचं ब्रँडनेम आहे. झेरॉक्ससारखंच!) एक नळकांडं, आत सरकणारा पिस्टन. पिस्टनच्या एका बाजूला कोंडलेली हवा, दुसऱ्या बाजूला इंजिनचं तेल. पंप नीट चालू असताना तेल आत घुसून हवा दाबतं. प्रेशर पडलं की हवा तेलाला परत इंजिनकडे ढकलते. बस्स.

आता थोडे आकडे. सगळ्यात मोठा नेहमीचा आकार ३ क्वार्ट, म्हणजे साधारण २.८ लिटर. रिकामा असताना हवा ७ पीएसआयवर भरलेली आणि चालू इंजिनचं प्रेशर ६० पीएसआय धरू. बॉइलचा नियम लावा (गेज प्रेशरमध्ये वातावरणाचं १४.७ मिळवायला विसरू नका). आत जवळपास २ लिटर तेल बसतं. पण प्रेशर २० पीएसआयच्या खाली जाऊ द्यायचं नसेल, तर त्यातलं वापरता येणारं तेल जेमतेम १ लिटर. इंजिन मिनिटाला २० लिटर तेल फिरवतं असं धरलं, तर ते पुरतं तीन सेकंद.

तीन सेकंद! एवढ्यासाठी एवढा खटाटोप? हो. कारण वळणात नळी उघडी पडते ती तेवढाच वेळ. हा जनरेटर नाही, यूपीएस आहे. लाइट गेल्यावर फाइल सेव्ह करण्यापुरता. त्यावर पिक्चर बघत बसायचं नसतं.

इंग्लंडमध्ये ऑनसाइट असताना टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये मी काही शनिवार घालवले. त्याची शर्यतीची एमजीबी होती आणि तिला हे नळकांडं बसवायचं होतं. काम वाटतं तितकं अवघड नाही, पण घाईचंही नाही. पंपाकडून बेअरिंगकडे जाणाऱ्या लाइनला फाटा काढायचा. त्या फाट्याच्या आधी, पंपाच्या बाजूला, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घालायचा. नाहीतर ऐन वेळी तेल बेअरिंगकडे जाण्याऐवजी उलटं पंपातून संपमध्ये पळेल. होज जाड आणि शक्य तितका आखूड ठेवायचा. नळकांडं पत्र्याला नव्हे, भक्कम जागी आवळायचं. व्हॉल्व्हचा दांडा ड्रायव्हरच्या हाताशी आणायचा.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट शेवटी दिसली. इंजिन बंद करण्याआधी व्हॉल्व्ह बंद केला की आतलं तेल प्रेशरसकट तिथेच राहतं. पुढच्या वेळी स्टार्टर मारण्याआधी व्हॉल्व्ह उघडायचा. इंजिन बंद आहे, गॅरेजमध्ये शांतता आहे आणि प्रेशर गेजचा काटा आपोआप वर चढतो! महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीचं इंजिन सुरू होतानाच्या कोरडेपणात बरंच झिजतं. तो फायदा तर प्रत्येक वेळी मिळतो, वळण असो वा नसो.

आता शुद्धतावादी मंडळींकडे वळू. त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. १९६५ च्या ल माँ शर्यतीत एमजीबी २४ तास पळून अकरावी आली होती. पण तेव्हा गाडीमागे कारखाना उभा होता. आज एमजीबीचे सुटे भाग तरी मिळतात, कारण १९६२ ते १९८० मध्ये त्या पाच लाखांवर बनल्या. ज्या गाड्या मोजक्याच बनल्या त्यांचं काय? मूळ ब्लॉक एकदा फुटला की फुटला. अस्सलपणा जपायचा म्हणून अस्सल इंजिनच मोडीत काढायचं, हा कुठला न्याय? त्यातून अ‍ॅक्युम्युलेटर चार बोल्ट सोडून काढता येतो. गाडी जशीच्या तशी. आणि फुटलेल्या इंजिनचं तेल ट्रॅकवर सांडतं, त्यावरून घसरतो तो मागून येणारा, ज्याचा ह्या वादाशी काडीचाही संबंध नाही. अर्थात ज्या वर्गात शर्यत लढवायची त्याची नियमावली आधी वाचायची. तिथे नाही म्हटलं असेल तर नाही.

पण माझा खरा राग आहे तो 'निवांत' गटावर. ही मंडळी नळकांडं बसवतात आणि गेजकडे बघणंच सोडतात. प्रेशर का पडतंय, हे विचारायला नको का? संपमध्ये तेल अडवणारे पडदे आहेत का? तेलाची पातळी बरोबर आहे का? बेअरिंग आधीच झिजलेलं तर नाही? एरर आली की 'रिट्राय' टाकून मोकळं होणारे प्रोग्रॅमर तुम्ही पाहिले असतील. त्यांचीच ही भावंडं! आजार तसाच राहतो, फक्त ताप दिसेनासा होतो. आणि वळणांमागून वळणं आली, मध्ये नळकांडं परत भरायला सरळ रस्ताच मिळाला नाही, की चौथ्या वळणावर तीन सेकंदांतला अर्धाही शिल्लक नसतो.

शिवाय ह्या वस्तूचे स्वतःचे धोके आहेत. धडकेत होज फाटला, तर २ लिटर गरम तेल प्रेशरने बाहेर येतं आणि एक्झॉस्ट तिथेच असतो. म्हणून बॅटरीच्या मास्टर स्विचबरोबर बंद होणारा इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह मला जास्त शहाणपणाचा वाटतो. आणि इंजिन एकदा गेलंच, तर नळकांडं खोलून साफ केल्याशिवाय नव्या इंजिनला जोडू नये. जुन्या बेअरिंगचा चुरा त्यात दडून बसलेला असतो.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी संप नीट करा. मग खात्रीचा गेज लावा, जमलं तर प्रेशरची नोंद ठेवणारा लॉगर. मग अ‍ॅक्युम्युलेटर. आणि तो बसवल्यावरही प्रत्येक फेरीनंतर नोंद बघा, काटा कुठल्या वळणावर ढळतो ते. विकत मिळतात ते फक्त तीन सेकंद. त्यांत इंजिन वाचतं. ते पुन्हा पुन्हा का वाचवावं लागतंय, हे शोधायचं काम मात्र आपलंच.