विश्लेषण : दुसरा मॉनिटर जोडल्याने गेम खरोखरच मंदावतो का?

एका पडद्यावर गेम आणि शेजारच्या पडद्यावर मित्रांच्या गप्पा, यूट्यूब किंवा क्रिकेटचा सामना, ही मांडणी आता हौशी गेमर्सच्या घरातही रुळली आहे. घरून काम करण्यासाठी घेतलेला जादा मॉनिटर संध्याकाळी गेमच्या कामी येतो, हेही त्याचे एक कारण. पण दुसरा मॉनिटर जोडला आणि गेम अडखळू लागला, की ‘कार्ड कमी पडतंय, नवं घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. मध्यम दर्जाचे ग्राफिक्स कार्ड २५ ते ३० हजार रुपयांच्या घरात जाते. हप्त्यावर संगणक घेतलेल्या कुटुंबासाठी ही रक्कम लहान नाही, आणि ती मोजूनही गेमचे अडखळणे तसेच राहू शकते. कारण दोष बहुतेक वेळा कार्डाचा नसतो आणि मॉनिटरचा तर त्याहूनही कमी वेळा.

नुसता मॉनिटर किती भार टाकतो?

फुल एचडी मॉनिटरवर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलच्या रंगासाठी चार बाइट धरले, तर एका पूर्ण चित्राला जेमतेम ८ एमबी जागा लागते. गेमिंगसाठी विकल्या जाणाऱ्या साध्या कार्डांवरही आता ८ जीबी मेमरी असते, म्हणजे याच्या सुमारे हजारपट. अशा चित्राच्या दोन-तीन प्रती मेमरीत राहिल्या, तरी हिशेब फारसा बदलत नाही.

शिवाय चित्र तयार करणे आणि ते मॉनिटरपर्यंत पोहोचवणे ही कार्डाच्या आत दोन वेगळी कामे आहेत. गेममधल्या भिंती, सावल्या, धूर यांचे गणित करणारा भाग वेगळा आणि तयार चित्र सेकंदाला ६० वेळा केबलवरून धाडणारा भाग वेगळा. अर्ज लिहायला वेळ लागतो, त्याची झेरॉक्स काढायला नाही, तसाच हा प्रकार. दुसऱ्या मॉनिटरवर नुसता डेस्कटॉप उघडा असेल, तर कार्ड तेच ते चित्र पुन्हा पुन्हा पाठवत राहते, नव्याने काही काढत नाही. अशा स्थितीत गेमच्या वेगात पडणारा फरक सहसा मोजणीतल्या चुकीइतकाच असतो.

मग अडखळतो कशामुळे?

त्या मॉनिटरवर काय चालू आहे, यामुळे. दुसरा पडदा मिळाला की तो रिकामा ठेवण्याची कोणाची इच्छा नसते. वीस टॅब उघडलेला ब्राउझर, डिस्कॉर्ड, एखादे हलणारे वॉलपेपर, तापमान दाखवणारी खिडकी, गेमचे थेट प्रक्षेपण करणारे सॉफ्टवेअर. यातले प्रत्येक जण प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्डाचा थोडाथोडा वाटा मागते. व्हिडिओ उलगडण्यासाठी कार्डावर स्वतंत्र यंत्रणा असते हे खरे, पण तो खिडकीच्या मापात बसवणे आणि भोवतीच्या पानासह रंगवणे हे काम गेमचे चित्र काढणाऱ्या भागाकडेच जाते. ८ जीबी रॅमच्या संगणकात तर ब्राउझर आणि गेम मिळून रॅम संपवतात. मग विंडोज काही माहिती रॅममधून डिस्कवर हलवू लागते आणि गेम क्षणभर गोठतो. शिव्या मात्र मॉनिटरला बसतात.

हा त्रास सरासरी वेगात दिसत नाही, म्हणून तो ओळखायला कठीण. सेकंदाला १४४ फ्रेम काढायच्या तर एका फ्रेमला साधारण ६.९ मिलिसेकंद मिळतात. समजा, १४३ फ्रेम वेळेवर आल्या आणि एकच फ्रेम, शेजारच्या खिडकीतल्या जाहिरातीने मध्येच हालचाल सुरू केल्यामुळे, ४० मिलिसेकंदांनी आली. सरासरी उतरून १४०च्या आसपास येईल. आकड्याकडे पाहणारा म्हणेल, काहीच बिघडलेले नाही. पण त्या ४० मिलिसेकंदांत जवळजवळ सहा फ्रेम यायला हव्या होत्या आणि नेमका त्याच क्षणी समोरचा खेळाडू कोपऱ्यावरून बाहेर आलेला असतो. म्हणूनच कार्डांच्या चाचण्यांत सरासरीसोबत ‘वन पर्सेंट लो’ हा आकडा देतात, म्हणजे सर्वांत उशिरा आलेल्या एक टक्का फ्रेमचा वेग. दुसऱ्या मॉनिटरचा परिणाम तपासायचा तर आधी याच आकड्याकडे पाहायला हवे. दुकानात दाखवला जातो तो बहुधा सरासरीचा, कारण तो मोठा दिसतो.

१४४ आणि ६० हर्ट्झ एकत्र चालत नाहीत?

गेमसाठी १४४ हर्ट्झचा नवा मॉनिटर आणि शेजारी जुना ६० हर्ट्झचा, ही जोडी सर्रास आढळते. ‘दोन्ही एकाच वेगाचे घ्या’ किंवा ‘नवा १२० वर आणा, म्हणजे ६०ची दुप्पट होईल’ हे सल्ले अजूनही फिरतात. त्यांना आधार होता. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, सगळ्या खिडक्या एकत्र करून डेस्कटॉपचे एक चित्र बनवण्याचे काम ‘डेस्कटॉप विंडो मॅनेजर’ हा भाग करतो. वेगवेगळ्या वेगाचे मॉनिटर जोडल्यावर त्याचा ताल चुके. हळू मॉनिटरवर व्हिडिओ सुरू झाला की वेगवान मॉनिटरवरचा गेमही त्याच्या चालीने अडखळे. मे २०२० मध्ये आलेल्या विंडोज १०च्या अद्ययावत आवृत्तीनंतर ही तक्रार बरीच ओसरली. विंडोज ११ मध्ये तर खिडकीतल्या गेमसाठी स्वतंत्र सेटिंग आहे. त्यामुळे केवळ जोडी जुळावी म्हणून चांगला चाललेला जुना मॉनिटर भंगारात काढण्याचे आज कारण उरलेले नाही.

‘फुलस्क्रीन’ की ‘बॉर्डरलेस’ हा वादही असाच थोडा जुना झाला आहे. पूर्वी बॉर्डरलेसमध्ये गेमचे चित्र डेस्कटॉपच्या चित्रात मिसळूनच पुढे जाई आणि थोडा उशीर होई. आता बहुतेक नव्या गेममध्ये विंडोज ते मधले पाऊल टाळते. दुसऱ्या मॉनिटरवर वरचेवर जावे लागणाऱ्याला बॉर्डरलेस सोयीचे, कारण माउस बाहेर नेला की गेम खाली जाऊन बसत नाही. जुन्या गेममध्ये मात्र दोन्ही प्रकार करून पाहावेत.

तीन पडद्यांवर एकच गेम पसरला तर?

इथे खरा खर्च सुरू होतो. आतापर्यंतच्या मांडणीत गेम एकाच पडद्यावर होता. तो तीन पडद्यांवर पसरला की काढायचे चित्रच तिप्पट होते. फुल एचडीचे तीन मॉनिटर म्हणजे ५७६० गुणिले १०८०, एकूण ६२ लाख २० हजार ८०० पिक्सेल. फोर-के पडद्यावर ८२ लाख ९४ हजार ४०० असतात, म्हणजे तीन फुल एचडी पडदे फोर-केच्या पाऊण भरले. पण २५६० गुणिले १४४०चे तीन मॉनिटर लावले तर आकडा १ कोटी १० लाखांच्या पुढे जातो, फोर-केपेक्षा एकतृतीयांशाने जास्त. फोर-केवर धापा टाकणारे कार्ड इथे काय करील, हे सांगायला नको.

वेग नेमका एकतृतीयांशच होतो असे नाही. फ्रेममागचे काही काम, जसे गाड्यांच्या टकरीचे गणित किंवा शत्रूची चाल, पडदे कितीही असले तरी तेवढेच राहते. उलट बाजूंचा देखावा दिसू लागल्याने जास्त वस्तू नजरेच्या टप्प्यात येतात आणि कार्डासोबत प्रोसेसरवरचा भारही वाढतो. आणखी एक गंमत अशी, की दोन मॉनिटरच्या मधल्या कडांमुळे चित्र तुटल्यासारखे दिसू नये म्हणून ‘बेझल करेक्शन’ वापरतात. त्यात कडांच्या मागे दडणारा भागही कार्डाला काढावा लागतो. कोणाला कधीही न दिसणाऱ्या पिक्सेलसाठी कार्ड राबते!

हे तंत्र नवे नाही. एएमडीने सप्टेंबर २००९ मध्ये रेडिऑन एचडी ५८७० या कार्डासोबत ‘आयफिनिटी’ आणले आणि एका कार्डावर तीन पडद्यांचा गेम शक्य झाला. एन्व्हिडियाने २०१० मध्ये ‘सराउंड’ने उत्तर दिले, पण त्यासाठी तेव्हा दोन कार्डे लागत. एकाच कार्डावर तशी सोय २०१२ मध्ये जीटीएक्स ६८० आल्यावर झाली. पंधरा वर्षांनंतरही तीन पडदे सर्वसामान्य झाले नाहीत, याचे कारण केवळ किंमत नाही. सपाट पडद्यासाठी बेतलेले चित्र बाजूंना ओढून रुंद केले की कडेच्या गाड्या आणि झाडे लांबट, ताणलेली दिसतात. प्रत्येक पडद्यासाठी त्याच्या कोनानुसार वेगळे दृश्य काढले तरच ते नीट दिसते, आणि तशी व्यवस्था गेम बनवणाऱ्यालाच करावी लागते. आयरेसिंगसारख्या शर्यतींच्या गेमने ती केली आहे. स्टिअरिंग लावून खेळणाऱ्याला शेजारची गाडी कुठवर आली आहे हे मान वळवून पाहता येते, त्यामुळे तिथे तीन पडद्यांचा खर्च समजण्यासारखा आहे. व्हॅलोरंटसारख्या स्पर्धात्मक गेममध्ये मात्र रुंद पडद्यावर जास्त मैदान दिसतच नाही, कारण सर्वांना सारखेच दिसावे असा त्यामागचा हिशेब असतो. ज्याचा सगळा वेळ अशा गेममध्ये जातो, त्याला तीन पडद्यांचा संच विकणे म्हणजे शुद्ध फसवणूक नसली, तरी तिच्या बरीच जवळ जाणारी गोष्ट आहे.

एकच रुंद मॉनिटर परवडतो का?

३४ इंची ‘अल्ट्रावाइड’ मॉनिटरवर ३४४० गुणिले १४४० म्हणजे सुमारे ४९ लाख ५४ हजार पिक्सेल असतात. तीन फुल एचडी पडद्यांपेक्षा हा भार पाचव्या हिश्शाने कमी, आणि मध्ये कडाही नाहीत. भारतात या पर्यायाच्या आड बराच काळ करही येत होता. जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी होता, त्याहून मोठ्यावर २८ टक्के. त्यामुळे २४ इंची तीन मॉनिटरवर कमी दराने कर आणि ३४ इंची एकावर जास्त, असा विचित्र प्रकार होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मॉनिटरवरचा दरही १८ टक्के झाला. जुने दर डोक्यात ठेवून निर्णय घेणाऱ्यांनी किमती पुन्हा पाहायला हरकत नाही.

कार्ड बदलण्याआधी काय पाहावे?

सर्वांत आधी संगणकाच्या मागची बाजू. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाच्या पोर्टमध्ये आहे की मदरबोर्डच्या? दोन्ही पोर्ट सारखेच दिसतात आणि टेबलाखाली वाकून, अंधारात केबल लावताना चूक सहज होते. गेमचा मॉनिटर मदरबोर्डला जोडला गेला, तर गेम प्रोसेसरमधल्या दुबळ्या ग्राफिक्सवर चालू शकतो, किंवा कार्डाने काढलेले प्रत्येक चित्र तिथवर वाहून न्यावे लागते. त्यानंतर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये मॉनिटरचा रिफ्रेश रेट पाहावा. १४४ हर्ट्झचे पैसे मोजलेला मॉनिटर जुन्या केबलमुळे किंवा नुसत्या दुर्लक्षामुळे ६० वर चालू असल्याचे महिनोन्‌महिने लक्षात येत नाही.

मग एक साधी चाचणी. विंडोज आणि ‘पी’ ही बटणे एकत्र दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडले की दुसरा मॉनिटर तात्पुरता बंद होतो. गेममधल्या एकाच जागी, त्याच सेटिंगवर दहा मिनिटे खेळून आकडे टिपावेत. नंतर दुसरा मॉनिटर चालू करून, पण त्यावर काहीही न उघडता, तेच करावे. तिसऱ्या वेळी नेहमीच्या खिडक्या उघडून. पहिल्या दोन वेळा आकडे सारखे आणि तिसऱ्यांदा घसरले, तर दोष खिडक्यांपैकी एकीचा आहे. टास्क मॅनेजरमधल्या जीपीयूच्या रकान्यात ती सापडते. ब्राउझर आणि डिस्कॉर्डमध्ये ‘हार्डवेअर ॲक्सेलरेशन’ बंद करून पाहता येते, मात्र त्याने कार्डावरचा भार प्रोसेसरवर जातो. प्रोसेसर आधीच थकलेला असेल तर दुखणे वाढेल. रॅम भरत असेल, तर ती वाढवणे नव्या कार्डापेक्षा सहसा स्वस्त पडते. तिन्ही वेळा आकडे सारखेच वाईट आले, तर दुसऱ्या मॉनिटरचा संबंधच नाही आणि गेमची सेटिंग खाली आणावी किंवा कार्डाचा विचार खुशाल करावा.

गेम बंद असतानाही जादा मॉनिटरचा एक छोटा खर्च उरतो. वेगवेगळ्या वेगाचे किंवा जास्त हर्ट्झचे दोन-तीन मॉनिटर असले, की अनेक कार्डे आपल्या मेमरीचा वेग खाली आणत नाहीत. परिणामी नुसता डेस्कटॉप उघडा असतानाही कार्ड कोमट राहते आणि वीज थोडी जास्त घेते. साधा २४ इंची मॉनिटर स्वतः २० ते ३० वॅट घेतो. घरात सर्रास असणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलतो, आणि गेम चालू असताना एकटा संगणक तेवढ्याच्या जवळ पोहोचू शकतो. जादा मॉनिटर यूपीएसवर न घेता भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर ठेवले, तर पावसाळ्यात वीज गेल्यावर गेम सेव्ह करून संगणक नीट बंद करायला थोडा अधिक वेळ हाती राहतो.