संपर्कयादी मागणाऱ्या ॲपला नकार द्या, खुलासा मराठीत मागा



भाजीवाल्यापासून दवाखान्यापर्यंत सगळीकडे क्यूआर कोड लागला आहे. 2016 साली सुरू झालेल्या यूपीआयने सुटे पैसे शोधण्याची कटकट संपवली. ही सोय जरूर वापरा. आम्हा ग्राहक कार्यकर्त्यांची विनंती आहे ती त्या सोयीसोबत आपण काय देऊन बसतो याबद्दल.

पेमेंट ॲप पहिल्यांदा उघडले की ते एकामागून एक परवानग्या मागते. एसएमएसची परवानगी सकारण आहे. खात्याशी जोडलेले सिमकार्ड याच फोनमध्ये असल्याची खात्री त्यातून होते. संपर्कयादीला असे कारण नाही. कोड स्कॅन करून किंवा नंबर टाकून पैसे जातातच. तरी आपण होकार देतो आणि आत्या, डॉक्टर, मुलीच्या मैत्रिणी अशा सगळ्यांचे नंबर कंपनीच्या हवाली करतो. त्यांना कुणी विचारलेलेसुद्धा नसते! झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी याच यादीतल्या नातेवाइकांना फोन करून कर्जदारांची बेअब्रू केली. शेवटी सप्टेंबर 2022 मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या ॲपना संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फाइली उघडण्यास मनाई केली. जी यादी कर्ज देणाऱ्याला बंद, ती नुसते पैसे पोहोचवणाऱ्याला कशाला हवी?

2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातच याचे उदाहरण दिले आहे. वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपला संपर्कयादीची गरज नसते, त्यामुळे रुग्णाने होकार दिला असला तरी यादीपुरता तो ग्राह्य नाही. हाच कायदा सांगतो की, माहिती कशासाठी घेतली जाते हे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय ग्राहकाला मिळाली पाहिजे. मराठी त्या अनुसूचीत आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले; कंपन्यांना मुख्य तरतुदी पाळण्यासाठी 18 महिन्यांची मुदत मिळाली आहे. कंपन्यांनी प्रामाणिकपणे वागण्यासाठी मुदत संपण्याची वाट का पाहावी?

शुल्काबाबतही गप्प बसू नका. रिचार्ज करताना शेवटच्या पायरीवर अचानक वाढणारी रक्कम, न विचारता जोडलेला विमा, अशा फसव्या मांडणीला केंद्र सरकारने नोव्हेंबर 2023 मध्येच मनाई केली आहे.

म्हणून आजच फोनच्या सेटिंग्जमध्ये जाऊन पेमेंट ॲपची संपर्कयादीची परवानगी काढून टाका. यूपीआय आयडीमध्ये मोबाइल नंबर असेल तर दुसरा आयडी तयार करा. विशेषतः महिलांनी, कारण पैसे घेणाऱ्या अनोळखी माणसाकडे तो नंबर जातो. तरुणांनो, आई-वडिलांच्या फोनवर ॲप तुम्हीच टाकून दिलेत आणि भराभर होकारही तुम्हीच दिलेत. आता त्यांच्या शेजारी बसून ते तपासा. आणि न सांगता शुल्क कापले गेले, तर रक्कम दोन रुपयांची असली तरी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवाच.