सूर्याची वेळ, माणसाची इच्छा

अंदमानात छायाचित्रकारास पहिला धडा मिळतो तो सूर्याकडून. आपल्या देशाचे घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाला बांधलेले, आणि पोर्ट ब्लेअर त्याच्याही पूर्वेस सुमारे दहा अंशांवर. म्हणून तेथील सूर्य घड्याळाच्या चाळीस मिनिटे पुढे चालतो, आणि डिसेंबरात मुंबईच्या गच्च्यांवर उन्हे अद्याप रेंगाळत असताना स्वराजद्वीपावरील राधानगरच्या पुळणीवर दिवस मावळलेला असतो. उष्ण कटिबंधात सूर्य क्षितिजाखाली जवळजवळ सरळ उतरत असल्यामुळे संधिप्रकाशही अल्पायुषी. पहिल्या सायंकाळी सहाला पोहोचलो, तो सर्वत्र काळोख. दुसऱ्या दिवशी चारलाच जाऊन बसलो, तेव्हा ओहोटीने ओल्या ठेवलेल्या वाळूत अवघे आकाश उतरलेले पाहावयास मिळाले.

दुसरा धडा मिळाला तो बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांकडे जाताना. जिरकाटांगच्या नाक्यापुढे रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव अरण्यातून जातो. तेथून वाहने ताफ्यानेच सोडतात, आणि जारवांचे छायाचित्र घेण्यास सक्त मज्जाव आहे. १९५६ च्या संरक्षक विनियमात २०१२ साली दुरुस्ती होऊन शिक्षाही कडक झाली. "एवढे लांब आलो, एक फोटो घेतला तर काय बिघडते?" शेजारचे गृहस्थ हळहळले.

मला मॉरिस पोर्टमन आठवला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या इंग्रज अंमलदाराने अंदमानी स्त्रीपुरुषांना चौकटी आखलेल्या पडद्यापुढे उभे करून, त्यांच्या देहांची मापे घेऊन, ब्रिटिश म्युझियमसाठी छायाचित्रांचे दप्तर सिद्ध केले. आणि त्याच काळात बाहेरून आलेल्या रोगांनी ती माणसे झपाट्याने नाहीशी होत होती. चित्रे उत्तम उतरली. परंतु ज्यांची ती होती त्यांच्या इच्छेस त्या दप्तरात स्थान नव्हते.

सूर्य आपले ऐकत नाही, म्हणून आपण मुकाट्याने त्याची वेळ पाळतो. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या जारव्यास मात्र धावत्या गाडीतील भिंग अडविता येत नाही, आणि नेमके म्हणूनच त्याचा नकार आपण आपल्या मनाने गृहीत धरावयास हवा, असे मला कळकळीने वाटते.

मी कॅमेरा पिशवीत ठेवून तिचा बंद आवळला आणि त्या गृहस्थांस पोर्टमनची हकीकत सांगितली. बोटीचा धक्का येईपर्यंत त्यांनी मोबाईल खिशातून काढला नाही.