नशेतला होकार हा होकार नव्हे

पावसाळ्यात लोणावळ्यातले बंगले आणि पवनाकाठचे तंबू पर्यटकांनी भरून जातात. अशा मुक्कामात एखादीवर अत्याचार झाला, तर पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो : ‘तू प्यायली होतीस का?’ या प्रश्नाने गुन्हा पुसला जात नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार नशेमुळे आपण कशाला होकार देतो आहोत हेच तिला कळत नसेल, तर ती संमती ठरत नाही. दारू तिने स्वतः घेतलेली असो वा कुणी पाजलेली. उलट, आरोपीने स्वखुशीने घेतलेली दारू हा त्याचा बचाव होत नाही.

घटना लोणावळा-पवना परिसरातली असली, तरी पीडितेला मुंबईतल्या किंवा पुण्यातल्या कोणत्याही ठाण्यात ‘झीरो एफआयआर’ नोंदवता येतो. सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाने तिच्यावर तातडीने मोफत उपचार करायलाच हवेत. तिथल्या वैद्यकीय तपासणीत, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा बजावल्याप्रमाणे, ‘टू फिंगर टेस्ट’ला, म्हणजे योनीत दोन बोटं घालून केल्या जाणाऱ्या तपासणीला, मनाई आहे. रक्त-लघवीतला नशेचा पुरावा लवकर नाहीसा होतो, म्हणून तपासणी लवकर व्हावी; पण उशीर झाला म्हणून तक्रारीचा हक्क संपत नाही.

पोलिसांनी, डॉक्टरांनी, बंगलेमालकांनी आणि घरच्यांनी आधी तिचं ऐकून घ्यावं. जाब आरोपीला विचारायचा असतो, तिला नव्हे.