सत्तर मार्कांना तोंड असतं

दोस्तहो, या अंकात कवितेवर लिहायचं ठरलं होतं. ते राहू द्या. या वेळी कॉम्प्युटरच्या मार्कांवर लिहितोय. मी गोदीत ओझी उचलतो, शिक्षण मॅट्रिक. याला ग्राफिक्समधलं काय कळणार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पाळीवरून आलो की तो मला धडा समजावून सांगतो. त्याचाही अभ्यास होतो, माझीही झोप उडते.

पडद्यावर सरळ रेघ कशी ओढायची, हे त्या विषयात सुरुवातीलाच येतं. पडदा म्हंजे नुसते ठिपके. दोन ठिपक्यांच्या मधून रेघ जात असेल तर पेटवायचा कुठला? ब्रेझनहॅम नावाच्या माणसानं 1962 साली, आयबीएममध्ये असताना, यावर तोड काढली. अपूर्णांक नको, भागाकार नको. बेरीज, वजाबाकी आणि आकडा शून्याच्या वर आहे की खाली, एवढंच बघायचं. पाच घरं आडवं आणि दोन घरं वर जायचं असेल, तर दुसऱ्या आणि चौथ्या पावलाला एक घर चढायचं. भावानं माझ्या हिशेबाच्या वहीत चौकटी आखून दाखवलं. सहा ठिपके जागच्या जागी पडले. मास्तरच्या मशीनवर तेच सहा पडतात, झोपडपट्टीतल्या पोराच्या प्रोग्रॅममधूनही तेच.

मग मार्क वेगळे का पडतात?

मुंबई विद्यापीठाच्या 2019 च्या अभ्यासक्रमात या विषयाला 80 मार्कांचा लेखी पेपर, 20 अंतर्गत चाचणीचे, 25 टर्मवर्कचे, 25 तोंडी-प्रात्यक्षिकाचे. टर्मवर्कमध्ये हजेरीचेही मार्क असतात. लेखी पेपरावर सीट नंबर असतो, आडनाव नसतं. उरलेल्या 70 मार्कांना मात्र तोंड असतं, आडनाव असतं, बोलीचा हेल असतो.

भावाच्या कॉलेजात मास्तरांनी आणखी एक काढलं, 'पार्टिसिपेशन'. वर्गात जो बोलेल त्याला मार्क. बोलायचं इंग्रजीत. याने एकदा मराठीत शंका विचारली, वर्ग हसला, मास्तरही हसले. त्यानंतर पोरगं सहा महिने गप्प. संध्याकाळी पार्सलं पोचवतो, घरी यायला बारा वाजतात, सकाळचा पहिला तास बुडतो. ती हजेरी गेली. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न पूर्ण नाव. दुसरा, वडील काय करतात. तिसरा, अ‍ॅडमिशन कुठल्या कोट्यातून. पडद्यावर रेघ तयार होती, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. टर्मवर्क 25 पैकी 11.

हा काय एकट्या माझ्या भावाचा वांधा नाही. दिल्लीच्या एम्सबद्दल थोरात समितीचा अहवाल 2007 साली आला. परीक्षक तोंडी परीक्षेत जात काढून घेतात, हे तिथल्या दलित-आदिवासी पोरांनी समितीपुढे सांगितलंय. डॉक्टरीत तेच, कॉम्प्युटरमध्येही तेच.

हजेरी नको, असं मी म्हणत नाही. हा विषय मशीनवर बसूनच येतो, आणि ज्याच्या घरी मशीन नाही त्यालाच लॅबची गरज जास्त. पण मग लॅब रात्री उघडी ठेवा. बाबासाहेबांनी 1946 साली सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा नोकरी करणाऱ्या पोरांसाठी वर्ग सकाळी ठेवले. वेळ पोरांच्या पोटाप्रमाणे बदलली, पोरांचे मार्क कापले नाहीत. कशाला किती मार्क हे पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा. प्रोग्रॅम पोरासमोर चालवा, चुकला तर कुठं चुकला ते लिहून द्या. मराठीत विचारलेली शंका हीही शंकाच असते, चिठ्ठीवर लिहून दिलेलीसुद्धा. आणि तोंडी परीक्षेत बापाचा धंदा कशाला? रेघ बापानं ओढलेली नाही.

गोदीत मुकादमानं खाडा लावला तर आम्ही चारजण जाऊन वही बघतो. कॉलेजात मात्र मार्कांची वही मास्तरच्या कपाटात, आणि पोरं म्हणतात, दादा, राहू दे, पुढच्या सेमिस्टरला तोच मास्तर आहे. ही भीती मी ओळखतो. नवा होतो तेव्हा मीही वही बघायला जात नव्हतो.

सोमवारी भाऊ टर्मवर्कची फोड मागणारा अर्ज घेऊन जातोय. पालक म्हणून सही माझी आहे. सोबत त्याच्या वर्गातली तीन पोरं येणार म्हणतात, बघू किती येतात. मी पाळी सोडून जाणार आहे.