दंतकथेचा अन्याय

सत्पुरुषाविषयींची गोष्ट घडली कीं नाहीं हें विचारूं नये, तिच्यांतून बोध मिळाला म्हणजे झालें, असें एक मत सुशिक्षितांतही रूढ आहे. तें दिसण्यांत उदार, पण आमच्या मतें अन्यायाचें आहे. तो अन्याय कोणावर होतो, हें यहुदी साधु इस्राएल बेन एलिएझर याच्या उदाहरणावरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा पुरुष इ. स. १७०० च्या सुमारास पोदोलिया प्रांतांत जन्मला व १७६० सालीं मेझिबिझ गांवीं वारला. तो मुलूख तेव्हां पोलंडच्या राज्यांत होता. आज तो युक्रेनमध्यें आहे. ईश्वराच्या गूढ नामांच्या बळावर ताईत देणाऱ्या व रोग बरे करणाऱ्या माणसास यहुदी लोक 'बाल शेम', म्हणजे नामाचा धनी, म्हणत. यावरून हा 'बाल शेम तोव' या नांवानें प्रसिद्ध झाला. हसीदी पंथ यासच आपला मूळपुरुष मानतो. त्यानें स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाहीं. त्याच्या कथांचा पहिला संग्रह कोपिस येथें छापला गेला तो १८१४-१५ च्या सुमारास, म्हणजे मृत्यूला पन्नासाहून अधिक वर्षें लोटल्यावर. त्यांत डोंगर सरकून त्याच्या पायांखालची दरी बुजवितात. शाळेच्या मुलांवर धांवून आलेल्या पशुरूप मांत्रिकास तो काठीनें ठार करतो. पूर्वायुष्यांत तो डोंगरांत माती खणतो व बायको ती गांवांत नेऊन विकते. पुढें मार्टिन बूबर यांनीं १९०८ सालीं या कथा जर्मन भाषेंत नव्यानें सजविल्या. दरम्यान बऱ्याच लेखकांनीं यावरून एक मोहक चित्र रंगविलें: एकीकडे शुष्क पंडित व धनिक पंच, आणि दुसरीकडे त्यांनीं झिडकारलेला गरिबांचा कैवारी बाल शेम!

आतां दप्तर काय म्हणतें तें पाहूं. मेझिबिझ हें चार्तोरिस्की या पोलिश सरदारांच्या मालकीचें गांव. त्यांचे कराचे कागद इतिहासकार मोशे रोसमन यांनीं तपासले व १९९६ सालीं त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या कागदांत बाल शेमची नोंद यहुदी पंचायतीच्या मालकीच्या घरांत राहणारा, करमाफी असलेला इसम अशी आहे; कोठें त्यास 'कब्बालावेत्ता' म्हटलें आहे, तर कोठें 'वैद्य'. म्हणजे ज्या पंचांना पुढें छळवादी ठरविलें, त्यांनींच त्यास वर्षानुवर्षें आसरा दिला होता. त्या पंचांची बाजू घेणारें कोणी उरलें नाहीं. त्यांच्या औदार्याची साक्ष काय ती कराच्या कागदांत! खोट्या गोष्टीचा 'खरा बोध' तो हाच काय?

भक्तांची ही तऱ्हा, तर निंदकांची दुसरी. हाइनरिख ग्रेट्झसारख्या इतिहासकारांनीं चमत्कार खोटे म्हणून सारा पंथच अंधश्रद्धेचें पीक ठरविला. दोघेही माणसास मोजतात चमत्कारांच्याच मापानें! त्याच कथासंग्रहांत शिष्य याकोब योसेफ यास लिहिलेलें एक पत्र आहे. त्यांत देह झिजविणारे उपास सोड, अशी कडक ताकीद आहे. खिन्नतेनें नव्हे तर आनंदानें भजावें, ईश्वर नाहीं असें ठिकाण नाहीं, अशा अर्थाचीं वचनें त्याच शिष्यानें आपल्या ग्रंथांतून गुरूच्या नांवें नमूद केलीं. त्यांतला पहिला ग्रंथ १७८० सालचा. सरकणाऱ्या शंभर डोंगरांहून हें एक पत्र आम्हांस मोलाचें वाटतें.

दंतकथा जाळून टाका, असें आमचें म्हणणें नाहीं. लोकांना कशाची भूक होती हें त्या सांगतात, व ती साक्ष अमोल आहे. पण तिला घटनेचा पुरावा समजणें म्हणजे पुढच्या लबाडीस वाट करून देणें होय. १९१८ च्या सुमारास बाल शेम व त्याच्या मंडळींचीं म्हणून शेंकडों पत्रें खेर्सोनच्या नांवानें बाहेर आलीं. संशोधकांनीं तीं बनावट ठरविलीं, तरी श्रद्धाळूंनीं तीं शिरोधार्य मानलीं. 'बोध मिळाला म्हणजे झालें' म्हणणाऱ्यांस या बनावटीला नाकारण्याचा अधिकार कोणता? ज्याच्यावर आपली श्रद्धा आहे, त्याच्याविषयीं तरी खोटें बोलूं नये आणि खोटें ऐकूनही घेऊं नये. वाचकांनीं याचा विचार करावा, एवढेंच आमचें मागणें आहे.